गिरडचे गोटे आणि कल्पनेतील खनिज

अद्भुतकथा किंवा विज्ञानकथा लिहिणाऱ्याला कधी ना कधी एखादे दुर्मिळ खनिज कल्पावे लागते. आपल्या परिचयाचे असे खनिज म्हणजे परीस. लोखंडाला लागला की सोने! पण तो कोणत्या खडकात सापडतो, कशाने झिजतो, हे कोणी सांगत नाही. सारेच लोखंड सोने झाले तर नांगराला फाळ कशाचा करावयाचा? परीस दृष्टांताला उत्तम, कथानकाला मात्र पांगळा.

याहून सरस नमुना आपल्या वर्धा जिल्ह्यातच आहे. समुद्रपूर तालुक्यात गिरड येथे शेख फरीद यांच्या दर्ग्याची टेकडी आहे, आणि तिच्यावर फळांसारखे दिसणारे दगडी गोटे विखुरलेले आढळतात. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी फकिराची टवाळी केली, तेव्हा त्याने त्यांच्या नारळांचा व इतर मालाचा दगड केला. ते शरण येताच वाळक्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला. मग ते दोघे त्याच्याच सेवेत राहिले, अशी आख्यायिका आहे. त्यांची म्हणून दोन थडगीही दाखवितात. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरातही ही कथा नोंदलेली आहे. कथा रचणारा मोठा चतुर असला पाहिजे! दगडाला त्याने उगम दिला, कारण दिले आणि आकाराचा खुलासाही केला.

हे गोटे झिओलाइट वर्गातील खनिजांचे आहेत. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारस पसरला. तो थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या, आणि झिरपणाऱ्या पाण्याने त्यांत हळूहळू ही खनिजे भरली. पोकळी हाच त्यांचा साचा; भोवतीचा काळा खडक झिजला की गोटा सुटा होतो.

त्यांचा गुण तर आख्यायिकेहून नवलाचा आहे. 1756 साली क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने असे खनिज तापविले, तेव्हा ते उकळल्यासारखे फसफसले. म्हणून त्याने ग्रीक शब्द जोडून ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचे हे नाव दिले. झिओलाइटच्या अंतरंगात अणूंचे पिंजरे असतात. त्यांत पाणी राहते, तापविल्यावर निघून जाते, आणि बहुधा पुन्हा शिरते. सोडियम सोडून दुसरे धातुकण धरून ठेवण्याचीही त्यांची रीत आहे. 2011 मध्ये जपानात फुकुशिमाच्या अणुकेंद्रात अपघात झाला, तेव्हा दूषित पाण्यातील किरणोत्सारी सीझियम पकडण्यासाठी झिओलाइटच कामी आले.

मात्र पाणी स्वच्छ झाले तरी सीझियम नाहीसे होत नाही. ते पिंजऱ्यात बसते, आणि ते झिओलाइटच किरणोत्सारी होऊन माणसांपासून दूर, वर्षानुवर्षे सांभाळून ठेवावे लागते. कथालेखकाने आपले खनिज रचताना हा व्यवहार ध्यानात घ्यावा. ते कोणी आणि कोठे सांभाळावयाचे, येथून त्याची कथा सुरू होऊ शकेल.