‘सार्वजनिक धोरण’ : एक संज्ञा, दोन वाचने

परदेशात दिलेला लवादाचा निवाडा भारतात आपोआप अंमलात येत नाही. देशी न्यायालयाने तो स्वीकारावा लागतो. या स्वीकाराच्या मर्यादा १९५८ च्या न्यूयॉर्क आंतरराष्ट्रीय कराराने आखून दिल्या. भारताने १९६० मध्ये त्याला अनुसमर्थन दिले, १९६१ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि पुढे १९९६ च्या लवाद आणि समेट कायद्यात त्या तरतुदी समाविष्ट केल्या. कलम ४५ नुसार, लवादाचा करार शून्य, निष्प्रभ वा अंमलबजावणीस अशक्य नसेल, तर एका पक्षाच्या विनंतीवरून न्यायालयाने वाद लवादाकडे सोपवावा लागतो. निवाडा नाकारण्याची मोजकीच कारणे कलम ४८ देते. त्यांपैकी ‘भारताच्या सार्वजनिक धोरणाशी विसंगती’ हे अर्थदृष्ट्या सर्वांत लवचीक होय.

या संज्ञेचा मर्यादित अर्थ रेणुसागर खटल्यात निश्चित झाला. रेणुसागर पॉवर कंपनी आणि अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक यांच्यातील करार १९६४ चा, निवाडा १९८६ चा. मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाला १९९३ मध्ये. भारतीय कायद्याचे मूलभूत धोरण, भारताचे हित, न्याय वा नीतिमत्ता यांपैकी कशाला बाध येत असेल तरच निवाडा नाकारता येईल, असे न्यायालयाने ठरविले.

भारतात दिलेला निवाडा रद्द करण्याविषयीच्या कलम ३४ मध्येही हीच संज्ञा येते. २००३ च्या सॉ पाइप्स खटल्यात तेथे तिचा अर्थ विस्तारला व ‘उघड बेकायदेशीरपणा’ तिच्यात सामावला. २०११ च्या फूलचंद एक्सपोर्ट्स निर्णयाने हा विस्तार कलम ४८ लाही लावला. परिणामी परदेशी निवाड्याच्या गुणवत्तेची फेरतपासणी करण्यास वाट मोकळी झाली. जिंकलेल्या पक्षाला तोच वाद पुन्हा लढावा लागण्याचा धोका निर्माण झाला. २०१३ च्या श्री लाल महल निर्णयाने ही चूक दुरुस्त केली. निवाडा रद्द करणे आणि त्याची अंमलबजावणी नाकारणे ही भिन्न कार्ये आहेत. म्हणून शब्द एकच असले तरी कलम ४८ मधील अर्थ मर्यादितच राहतो, अशी ही भूमिका. २०१५ च्या दुरुस्तीने हा संकोच कायद्याच्या शब्दांतच नोंदविला.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला येथे स्वीकाराचा परिचित प्रश्न दिसेल. संज्ञेचा अर्थ ती ज्या संदर्भात वाचली जाते त्यावर ठरतो, आणि येथे त्या वाचनावर तीन दशके रेंगाळलेल्या व्यवहाराचा शेवट अवलंबून असतो.