कटंगीची गाडी आणि तांब्याचं भोक

दिवाळीत बालाघाटला गेलो की काकांचा प्रश्न ठरलेला असतो, "काय करून राहिला रे बाबू तू पुण्यात?" काकांची सारी नोकरी रेल्वेत गेली. "सॉफ्टवेअर" एवढ्या उत्तरावर त्यांचं कधी भागलं नाही. या वेळी मी बॅगेतून एक बाद झालेला सर्किट बोर्ड काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. तो बाद झाला माझ्या चुकीमुळे. मंडळाच्या अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा वाटलं, तीच गोष्ट सांगावी. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या आपल्या भावंडांच्या कदाचित कामी येईल.

बोर्ड बाहेरून हिरव्या पाटीसारखा दिसतो, पण आत तांब्याचे थर असतात. आमच्या बोर्डात अठरा होते. एका थरावरचा सिग्नल दुसऱ्या थरावर न्यायचा तर आरपार भोक पाडतात आणि त्याला आतून तांब्याचा मुलामा देतात. भोक पाव मिलिमीटरचं, मुलामा साधारण २५ मायक्रॉनचा. या भोकाला म्हणतात व्हाया. नागपूरहून आपण "व्हाया गोंदिया" घरी येतो ना, तोच शब्द. आणि तांब्याचं म्हणाल तर देशातली सर्वांत मोठी तांब्याची खाण आपल्याच जिल्ह्यात, मलाजखंडला आहे. शाळेच्या सहलीत तो प्रचंड खड्डा बघून आम्ही फक्त "बापरे" म्हटलं होतं. हे तांबं पुढे जातं कुठे, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

वेगवान सिग्नल एकट्या तारेतून पाठवत नाहीत, तारांच्या जोडीतून पाठवतात. आजीची ताकाची रवी आठवा. दोरीचं एक टोक ओढलं की दुसरं सैल सुटतं. तसंच एका तारेत व्होल्टेज चढतं तेव्हा दुसरीत तितकंच उतरतं. पलीकडची चिप फक्त दोघींमधला फरक बघते. बाहेरून गोंगाट आला तर तो दोन्ही तारांना सारखाच लागतो आणि वजाबाकीत निघून जातो. अशी जोडी थर बदलते तेव्हा व्हायाही दोन लागतात, शेजारी शेजारी. त्यांना म्हणायचं डिफरेन्शियल व्हाया.

घोटाळा होतो तो इथेच. तारांची रुंदी, त्यांच्यातलं अंतर, खालचा तांब्याचा थर, हे सगळं जुळवून जोडीचा इम्पिडन्स म्हणा १०० ओहम राखलेला असतो. भोकापाशी ते माप बदलतं. रुळांची रुंदी बदलावी तसं. गोंदियापर्यंत मोठी लाईन झाली, तरी जबलपूरकडची छोटी लाईन २०१५ पर्यंत चालू होती. तोवर बालाघाटला सामानसुमान घेऊन गाडी बदलावी लागे, ते मोठ्यांना आठवत असेल. माणसं निदान उतरून दुसऱ्या गाडीत बसतात. सिग्नलचा काही भाग मात्र सरळ उलटा फिरतो.

किती फिरेल, हे बोर्ड बनवण्याआधी कळावं म्हणून सिम्युलेशन. पाया मॅक्सवेलच्या १८६५ सालच्या समीकरणांचा. भोकाच्या आसपासच्या जागेचे लाखो बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र काढायचं. अशी एक पद्धत केन यी यांनी १९६६ मध्ये मांडली, ती आजही वापरात आहे. शेवटी कळतं की कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल पार गेला आणि किती परतला. मग हजारो बिट एकमेकांवर ठेवून आलेख काढतात, तो डोळ्यासारखा दिसतो. डोळा उघडा असेल तर शून्य आणि एक वेगळे ओळखू येतात.

बोर्डाचा नकाशा या प्रोग्रामला समजेल अशा रूपात देणारं सॉफ्टवेअर माझं होतं. एकेका व्हायाचं गणित तासन्‌तास चाले. ते लवकर उरकावं म्हणून मी विचार केला, सिग्नल वरून येतो, तिसऱ्या थरावर बाहेर पडतो, मग त्याच्या खालचं तांबं मोजायचं कशाला? दिलं छाटून. गणित झटपट झालं, डोळाही टप्पोरा उघडला. मी खूश.

बोर्ड बनून आले. सेकंदाला ३२ अब्ज बिटांचा वेग टिकेचना, जोडणी सारखी निम्म्या वेगावर घसरायची. दोन आठवडे आम्ही कनेक्टर, चिप, वीजपुरवठा यांच्यावर संशय घेतला. मग हार्डवेअरच्या आमच्या वरिष्ठ मॅडमनी नेटवर्क अ‍ॅनालायझर लावला. १६ गिगाहर्ट्झच्या आसपास आलेखात विहिरीसारखा खड्डा. त्यांनी एवढंच विचारलं, "व्हायाचं शेपूट किती आहे?"

शेपूट होतं २ मिलिमीटर. माझ्या सिम्युलेशनमध्ये शून्य.

काकांना मी हे कटंगीवरून सांगितलं. आमच्या लहानपणी वारासिवनीहून पुढे कटंगीला रूळ संपायचे. गेलेली गाडी त्याच वाटेने परत. व्हायाचं बिनकामाचं शेपूट तसंच आहे. सिग्नलचा काही भाग खाली जातो, टोकाला आपटतो आणि वर येतो. ३२ अब्जांच्या वेगात एका बिटच्या वाट्याला ३१ पिकोसेकंद येतात. व्हायात सिग्नल जरा संथ होतो, त्यामुळे २ मिलिमीटर खाली आणि २ वर एवढ्या फेरीला जवळपास तितकाच वेळ लागतो. म्हणजे मागच्या बिटचा पडसाद नेमका पुढच्या बिटवर येऊन आदळतो.

मीटिंगमध्ये उभं राहून "छाटणी मी केली होती" हे सांगताना घशाला कोरड पडली. कुणी ओरडलं नाही, त्यामुळे जास्तच लाजल्यासारखं झालं. उपाय जुनाच आहे. मागच्या बाजूने जरा जाड ड्रिल घालून नको असलेलं तांबं कोरून काढायचं. पण तयार बोर्डांवर ते शक्य नव्हतं. नवी खेप काढली, दोन महिने गेले. आता माझा प्रोग्राम गणित सुरू करण्याआधी प्रत्येक व्हायाचं शेपूट मोजून दाखवतो आणि ते छाटायची सोयच मी ठेवलेली नाही.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवून बोर्ड उजेडात धरला. एका भोकातून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "समजलं. पण कटंगी आता तिरोडीला जोडली ना रे बाबू. लोकांना सांगायला दुसरं उदाहरण शोध."