माशांची ओळख आणि ‘फिशबेस’
डॅनिएल पॉली आणि रायनर फ्रोझे या मत्स्यशास्त्रज्ञांच्या पुढाकारातून उभा राहिलेला ‘फिशबेस’ हा माहितीकोश १९९६ पासून इंटरनेटवर विनामूल्य खुला असून त्यात माशांच्या ३०,००० हून अधिक जातींची नोंद आहे. एकच स्थानिक नाव अनेक जातींना लावले जात असल्याने केवळ नावावरून ओळख पक्की होत नाही. म्हणून परांतील कठीण काटे व लवचीक किरण यांची संख्या, तसेच पार्श्वरेषा, म्हणजे पाण्यातील हालचाल टिपणाऱ्या संवेदी अवयवांची अंगावरील ओळ, ही लक्षणे तेथील वर्णनाशी ताडून पाहावी लागतात. बांगड्यासारख्या जातीच्या नोंदीत मासा प्रथम प्रजननक्षम होतो ती लांबीही आढळते. त्याहून लहान मासे अंडी घालण्याआधीच पकडले गेल्यास पुढील पिढी घटत असल्याने ही माहिती मच्छीमारांइतकीच ग्राहकांनाही मोलाची आहे.