समिती बसली, अहवाल कुठे?

नागपुरात 'नंदलाल समिती' म्हटलं की जुन्या लोकांना महापालिकेतला क्रीडा साहित्य घोटाळा आठवतो. केंद्राचा माहिती अधिकार कायदा येण्यापूर्वीचं ते प्रकरण. चौकशी झाली, गुन्हे दाखल झाले आणि पुढे वर्षानुवर्षे तारखा पडत राहिल्या. तेव्हापासून मनपात काही उघडकीस आलं की पहिली मागणी एकच असते: समिती नेमा. समिती नेमली की तिचा अहवाल आपोआप लोकांपुढे येतो, अशी यामागची समजूत. ती चुकीची आहे.

अहवाल विधिमंडळात ठेवण्याचं बंधन आहे ते १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमलेल्या आयोगांना. अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत सरकारने तो, काय कार्यवाही केली याच्या टिपणासह, सभागृहापुढे मांडायचा असतो. २३ नोव्हेंबर १९९४ च्या चेंगराचेंगरीत ११४ गोवारी बांधव गेले. त्यानंतर नेमलेला न्या. दाणी आयोग हा असा आयोग होता. नगरविकास विभागाने किंवा आयुक्तांनी साध्या आदेशाने नेमलेल्या समितीला हे बंधन लागू नाही. नागपूर सुधार प्रन्यासच्या भूखंडांबाबत उच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. गिलानी समितीची गोष्ट आणखी वेगळी. तिचा अहवाल आधी न्यायालयाकडे जातो. लोकायुक्तांची चौकशी तर १९७१ च्या कायद्यानुसार एरवी खासगीतच चालते, आणि तिच्या शेवटी होते ती शिफारस, शिक्षा नव्हे. म्हणून 'चौकशी झाली का?' विचारण्याआधी 'कोणत्या आदेशाने, कोणत्या कायद्याखाली?' हे विचारावं. बाकीची बरीच उत्तरं त्यावरच ठरतात.

दुसरा गैरसमज कार्यालयांनीच जोपासलेला आहे: "प्रकरण चौकशीवर आहे, माहिती देता येत नाही." अर्जदारही हे उत्तर घेऊन मुकाट घरी जातो. कायदा असं म्हणत नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ज) तपासात, अटकेत किंवा खटल्यात अडथळा येईल अशीच माहिती रोखू देतं. भगतसिंग प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केलं की चौकशी चालू आहे एवढंच कारण पुरत नाही. माहिती दिल्याने तपासाला बाधा नेमकी कशी येईल, हे अधिकाऱ्याने दाखवायला हवं. अपिलात नकाराचं समर्थन करण्याची जबाबदारीही जनमाहिती अधिकाऱ्यावरच असते.

डिसेंबर २०२१ मधलं मनपाचं स्टेशनरी प्रकरण घ्या. आरोग्य विभागाच्या नावे माल न पुरवताच सुमारे ६७ लाखांची बिलं काढल्याचा आरोप होता. पोलीस तपास वेगळा, मनपाची समिती वेगळी. साक्षीदारांचे जबाब काही काळ रोखणं समजू शकतं. पण खरेदीचा ठराव, पुरवठा आदेश, बिल मंजूर करण्याची ठरलेली पद्धत यांनी कोणता तपास अडणार? रोखण्यासारखा भाग झाकून उरलेला द्यावा, अशी तरतूद कलम १० मध्ये आहे. ते कलम कार्यालयांना क्वचितच आठवतं.

आता कार्यकर्त्यांचा गैरसमज. "अमुक अधिकाऱ्यावर काय कारवाई झाली, हे सांगावंच लागेल." इथे पाय घसरतो. नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या गिरीश देशपांडे प्रकरणात २०१२ मध्ये निकाल लागला की कर्मचाऱ्याला दिलेले मेमो, नोटिसा, शिक्षा ही वैयक्तिक माहिती आहे. व्यापक जनहित दाखवलं तरच ती मिळेल. माझ्या मते या निकालाचा वापर त्याच्या आवाक्यापलीकडे झाला. वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यामुळे नोव्हेंबर २०२५ पासून तर वैयक्तिक माहितीच्या कलमातला जनहिताचा अपवादच गेला. कलम ८(२) मधला जनहिताचा आधार मात्र शाबूत आहे. तेव्हा अर्जात व्यक्तीपेक्षा व्यवहारावर बोट ठेवावं: किती रक्कम वसूलपात्र ठरली, किती वसूल झाली, अहवालातल्या कोणत्या शिफारशी मान्य झाल्या.

'नस्ती आढळून येत नाही' हे उत्तरही अंतिम नसतं. नस्ती न सापडणं ही माहिती नाकारण्याची कायदेशीर सबब नाही, आणि ठरलेली पद्धत सोडून अभिलेख नष्ट करणं महाराष्ट्राच्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली गुन्हा आहे.

अहवाल मनपात नाही, मंत्रालयात आहे असं सांगितलं, तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणं त्यांचं काम. उत्तर न आल्यास तीस दिवसांनी प्रथम अपील, मग नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. कागदावर हे सोपं दिसतं. २०२३ मध्ये राज्यात आयोगापुढे लाखाहून जास्त प्रकरणं तुंबलेली होती.

त्याआधीचा एक रस्ता फार थोड्यांना माहीत आहे. सामान्य प्रशासन विभागाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार महापालिकांसह जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी. समिती नेमल्याच्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख तिथे टिपून घ्यावी. महाराष्ट्राच्या नियमांत अर्जाला दीडशे शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे. क्रमांक हाती असला की त्यातले बरेच शब्द वाचतात.