बधिरतेची किंमत

दात काढताना, जखमेला टाके घालताना किंवा हातापायाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तेवढीच जागा बधिर करण्याचे इंजेक्शन आज इतके परिचयाचे झाले आहे की, त्यात काही धोका असेल अशी शंकाही सामान्य माणसाच्या मनाला शिवत नाही. ‘पूर्ण भूल नाही ना, मग काळजी नको,’ असे म्हणून नातलग निश्चिंत होतात. बहुतेक वेळा ही निश्चिंती योग्यच ठरते. परंतु क्वचित प्रसंगी हेच औषध हृदय बंद पाडू शकते, ही गोष्ट वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

याचे कारण औषधाच्या गुणातच दडलेले आहे. सोडियमचे सूक्ष्म कण मज्जातंतूत शिरले म्हणजे वेदनेचा संदेश पुढे जातो. बधिर करणारे औषध या कणांची वाट अडविते. हृदयाचा ठोकाही अशाच वाटांवर अवलंबून असतो. औषध जागच्या जागी राहिले तर बिघडत नाही. मात्र ते चुकून रक्तवाहिनीत गेले किंवा मात्रा अधिक झाली, तर हृदयाचीही वाट अडते. त्यातही लिडोकेन दोन ठोक्यांच्या मधल्या अवकाशात आपली पकड सोडते. १९५७ साली स्वीडनमध्ये तयार झालेले ब्युपिव्हाकेन ती सहजी सोडत नाही. तासन्‌तास टिकणे हा त्याचा गुण, आणि तोच त्याचा दोषही होय.

१९७९ साली अमेरिकन भूलतज्ज्ञ जॉर्ज अल्ब्राइट यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात, अशा औषधांनंतर अकस्मात हृदय बंद पडल्याच्या घटनांकडे लक्ष वेधले. प्रसूतीच्या वेळी काही स्त्रिया प्राणास मुकल्या होत्या. अखेर १९८४ पर्यंत तेथील औषध प्रशासनाने ०.७५ टक्के तीव्रतेचे ब्युपिव्हाकेन प्रसूतीसाठी वापरू नये, असे बजावले.

उपाय सापडला तो अनपेक्षित ठिकाणी. अन्न घेऊ न शकणाऱ्या रुग्णांना शिरेतून देण्यासाठी सोयाबीन तेलापासून केलेले, दुधासारखे पांढरे द्रावण असते. गाय वाइनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली उंदरांवरील प्रयोगांत या द्रावणाचा उपयोग दाखवून दिला. २००६ साली त्याने माणसाचे प्राण वाचल्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. आज अशा प्रसंगी ते द्यावे, हे वैद्यकात सर्वमान्य आहे.

खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो, आणि तो वैद्यकाइतकाच अर्थशास्त्राचाही आहे. हृदय बंद पडल्यावर बाटली आणावयास माणूस धाडून भागत नाही. ती हाताशीच असावी लागते. ती बहुधा वापरली जात नाही आणि मुदत संपली की टाकून द्यावी लागते. खर्च निश्चित, लाभ मात्र क्वचित. तोही कोणा अनोळखी रुग्णाचा. अशा वस्तूची तरतूद बाजार आपणहून करील, ही अपेक्षा व्यर्थ होय. वैद्यकीय सेवेची प्रत रुग्णाला पारखता येत नाही, हे केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ सालीच दाखवून दिले होते. कपाटात ती बाटली आहे की नाही, हे पाहून कोणता रुग्ण इस्पितळ निवडतो?

म्हणूनच येथे नियमाची गरज आहे. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा महाराष्ट्रात १९४९ पासून आहे. जेथे मोठ्या मात्रेने अशी भूल दिली जाते तेथे हे द्रावण असलेच पाहिजे, ही अट नोंदणीस जोडण्यात अवघड काही नाही. इतर खबरदारीला तर पैसाही लागत नाही. रुग्णाचे वजन करणे, सुई टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येते का ते पाहणे, औषध थोडे थोडे देणे आणि जिभेला धातूची चव, कानात गुणगुण अशी तक्रार होताच थांबणे, एवढे पुरते. अ‍ॅड्रिनॅलिनविरहित २ टक्के लिडोकेनची कमाल मात्रा साठ किलोच्या माणसाला सुमारे साडेतेरा मिलिलिटर असते. पंधरा किलोच्या बालकाला साडेतीनहूनही कमी. हा हिशेब प्राथमिक शाळेतला आहे.

आग लागली नाही म्हणून अग्निशामक साधनावरचा खर्च वाया गेला, असे कोणी म्हणत नाही. रुग्णाची जागा बधिर करणे हे औषधाचे काम; व्यवस्थेने बधिर होऊन चालणार नाही.