वस्तऱ्याचा जंतुनाश: धार सांभाळून

दाढी करताना वस्तरा केसांबरोबर त्वचेचा अगदी वरचा थरही खरवडतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जखमा करतो. रक्ताचा अंश, त्वचेतील द्रव आणि मृत पेशी पात्याला चिकटून राहतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू अशा वाळलेल्या रक्तात किमान ७ दिवस तग धरतो. हिपॅटायटिस सीचा विषाणूही शरीराबाहेर बरेच दिवस टिकू शकतो. एचआयव्ही त्या मानाने नाजूक आहे. केसांच्या मुळाशी पुळ्या आणणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू आणि दाढीत नायटा उठवणारी बुरशीही पात्यावरून एकाकडून दुसऱ्याकडे जाते. हे जंतू घालवणारी पाणी, उष्णता, क्लोरीन यांसारखी साधने पोलादालाही मारक ठरतात, आणि वस्तऱ्याच्या बाबतीत सगळी अडचण तिथे आहे.

पारंपरिक वस्तऱ्याचे पाते साधारण १ टक्का किंवा त्याहून थोडा अधिक कार्बन असलेल्या पोलादाचे असते. या कार्बनमुळे पोलाद पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून एकदम थंड केल्यावर, अतिशय कठीण होते आणि बारीक धार धरते. मात्र स्टेनलेस पोलादात असते तसे क्रोमियम त्यात नसल्याने ते लवकर गंजते. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, तर चांगल्या वस्तऱ्याची धार टोकाशी १ मायक्रॉनहूनही पातळ असते. पात्याच्या पाठीवर जो गंज नुसता डाग म्हणून दिसेल, तेवढाच गंज धारेवर आला की धार तुटते. स्टेनलेस पाते अधिक सोसते, पण क्लोराइडमुळे त्यालाही बारीक खड्डे पडतात.

जंतुनाशाची पहिली पायरी धुण्याची. रक्त आणि साबणाचा थर तसाच राहिला तर औषध जंतूंपर्यंत पोहोचत नाही. कोमट पाण्याखाली, द्रव साबण आणि मऊ ब्रश वापरून पाते दोन्ही बाजूंनी धुवावे. पाणी कढत नसावे, कारण उष्णतेने रक्तातील प्रथिने गोठून पात्याला अधिक घट्ट धरतात. ब्रश आणि फडके नेहमी पाठीकडून धारेकडे फिरवावे. उलट फिरवल्यास बोट कापते आणि धारही बोथटते. शेवटी साबणाचा अंश उरू देऊ नये. क्वाटर्नरी अमोनियम वर्गातील जंतुनाशके साबणाच्या संपर्कात निष्प्रभ होतात.

घरच्या वापरासाठी ७० टक्के आयसोप्रोपिल किंवा इथिल अल्कोहोल सर्वांत सोयीचे. जवळजवळ शुद्ध अल्कोहोल त्याहून प्रभावी असेल असे वाटते, पण जंतूंमधील प्रथिने मोडण्यासाठी अल्कोहोलला पाण्याची जोड लागते. नुसता बोळा फिरवून काम भागत नाही, कारण अल्कोहोल क्षणात उडून जाते आणि जंतूंना ते पुरेसा वेळ लागत नाही. पाते सुमारे १० मिनिटे बुडालेले राहायला हवे. त्यासाठी वस्तरा पूर्ण उघडून केवळ पाते द्रवात जाईल असा ठेवावा. मूठ आणि ती पात्याला जोडणारा खिळा वर राहावा. काचेला धार घासू नये म्हणून भांड्याच्या तळाशी गॉझची घडी घालावी. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने जवळ निरांजन, गॅस किंवा सिगारेट नसावी.

सलूनसाठी वेगळी द्रावणे मिळतात. त्यांतले प्रसिद्ध म्हणजे निळ्या रंगाचे बार्बिसाइड. मॉरिस किंग यांनी ते १९४७ मध्ये अमेरिकेत तयार केले. त्यात क्वाटर्नरी अमोनियम संयुग असते आणि पोलाद गंजू नये म्हणून सोडियम नायट्राइटही घातलेले असते. अशी द्रावणे वेष्टनावर दिलेल्या प्रमाणातच पातळ करावीत. जास्त दाट केल्याने परिणाम वाढेलच असे नाही, त्वचेला मात्र त्रास होतो. द्रावण रोज बदलावे, आणि त्याआधी गढूळ झाले तर लगेच. हत्यार किती वेळ बुडवायचे तेही वेष्टनावर दिलेले असते. गिऱ्हाईक खुर्चीवर बसल्यावर डेटॉलच्या पाण्यात वस्तरा क्षणभर बुचकळणे म्हणजे जंतुनाश नव्हे.

काही उपाय मुळातच टाळावेत. घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, विषाणूंवर उत्तम चालते, पण त्याने कार्बन पोलादाला थोड्याच वेळात गंज चढतो. पाते उकळल्याने पोलाद मऊ पडत नाही. मात्र गरम पाणी आणि हवा मिळून ते गंजवतात आणि मुठीला तडे जातात. ऑटोक्लेव्हमधील १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेचेही तसेच. पाते ज्योतीवर धरणे सर्वांत घातक, कारण पातळ धार क्षणात तापते, दिलेले पाणी उतरते आणि ती पुन्हा टिकाऊ होत नाही. अल्ट्राव्हायोलेट दिव्याची पेटी फक्त प्रकाश पडेल तेवढ्याच भागावर काम करते. खिळ्याजवळची फट आणि पात्याची खालची बाजू सावलीत राहते, म्हणून ती पेटी साठवणीपुरतीच उपयोगाची.

मुठीचा विचार पात्याइतकाच करावा लागतो. जुन्या मुठी शिंग, हाड, हस्तिदंत, लाकूड किंवा सेल्युलॉइडच्या असतात. शिंग आणि हाड भिजून वाकतात, लाकडावरचे लाखेचे पॉलिश अल्कोहोलने निघते आणि सेल्युलॉइड अल्कोहोलमध्ये मऊ पडते. मूठ जंतुनाशकाने ओलसर केलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करावी. सेल्युलॉइड जुने होऊन विघटू लागले की त्यातून आम्लयुक्त वायू निघतो आणि मिटलेल्या पात्याला गंजवतो. अशी मूठ बदललेली बरी.

द्रावणातून काढल्यावर पाते, औषधाच्या सूचनेनुसार, स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावे. खिळ्याजवळ मूठ आणि पाते यांच्यामध्ये पाणी अडकते. तिथे टिपकागदाची पट्टी घालून ओढावी आणि वस्तरा काही वेळ उघडाच ठेवावा. ओला वस्तरा मिटून ठेवला की गंज तिथूनच सुरू होतो. कोकणासारख्या दमट हवेत किंवा वस्तरा बरेच दिवस वापरायचा नसेल तेव्हा पात्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. खाद्यतेल कालांतराने चिकट होते.

वस्तरा परजायच्या पट्ट्याचे, म्हणजे चामोटीचे, चामडे सच्छिद्र असल्याने तिचा खात्रीचा जंतुनाश करता येत नाही. म्हणून चामोटी, वस्तऱ्यासारखीच, एकाच माणसाची असावी. जुन्या बाजारातून घेतलेला वस्तरा आधी गंज काढून स्वच्छ करावा, कारण गंजाच्या खड्ड्यांत औषध शिरत नाही. नंतर त्याचा जंतुनाश करावा, मग दगडावर धार लावावी आणि पहिल्या दाढीआधी पुन्हा एकदा जंतुनाश करावा.

एवढे करूनही पाते पूर्णपणे निर्जंतुक होत नाही. धनुर्वाताच्या जीवाणूंचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. एकट्याच्या घरगुती वापराला ही पातळी पुरेशी आहे. अनेकांच्या त्वचेवर एकच पाते फिरत असेल तर मात्र धोका उरतो. महाराष्ट्रातील सलूनमध्ये आता रूढ असलेला, ब्लेडचा अर्धा तुकडा बसवायचा वस्तरा हे त्यावरचे उत्तर आहे. तिथेही ब्लेड प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे असावे, ब्लेड धरणारी खाच धुऊन द्रावणात बुडवलेली असावी आणि वापरलेले तुकडे कचऱ्यात मोकळे न टाकता जाड, बंद डब्यात जमा करावेत.