एका पौंडाचं वाचनालय
इंग्लंडमधल्या खेड्यात लाल टेलिफोन बूथ दिसला, तर आत जरूर डोकवा! सॉमरसेटमधल्या वेस्टबरी-सब-मेंडिप गावातली फिरत्या वाचनालयाची गाडी बंद झाली, बूथही जाणार होता. पॅरिश कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीनं, २००९ मध्ये तो एका पौंडाला घेतला. फळ्या ठोकल्या, पुस्तकं लावली. आपलं वाचून झालेलं ठेवायचं, हवं ते न्यायचं. आत दिवा असतो, त्यामुळे रात्रीही पुस्तक बदलता येतं. किती साधा, सुंदर मार्ग!

असे बूथ गावांना एका पौंडात देणारी बीटी या टेलिफोन कंपनीची दत्तक योजना २००८ ची. अनेक गावांनी बूथमध्ये हृदय बंद पडल्यास विजेचा झटका देणारं डिफिब्रिलेटर यंत्रही बसवलंय. आडगावात रुग्णवाहिका पोहोचायला वेळ लागतो, म्हणून मला हा उपयोग सर्वांत मोलाचा वाटतो.